एकाच अंगणात दोन चर्च

बर्लिंग्टन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा वाचलं ते कोटाच्या दुकानावर. भारतातून आल्यावर पहिल्या हिवाळ्याचा जाड कोट जिथून घेतला, त्या दुकानाला १९७२ मध्ये नाव मिळालं ते न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन या गावावरून. हे गाव मात्र आपण सहसा पाहिलेलं नसतं. ट्रेंटनहून कॅम्डनकडे जाणारी रिव्हर लाइनची गाडी डेलावेअर नदीच्या काठाकाठाने येते आणि बर्लिंग्टनमध्ये शिरताच ट्रॅमसारखी थेट रस्त्याच्या मधून, ब्रॉड स्ट्रीटवरून धावू लागते. लोकवस्ती दहा हजारांच्या आत. कायद्याने हे ‘शहर’, पण आपल्या मापाने तालुक्याचं गाव.

याच ब्रॉड स्ट्रीटवर सेंट मेरीज हे एपिस्कोपल चर्च आहे. खरं तर एकाच अंगणात दोन चर्च आहेत आणि भोवती जुनी दफनभूमी. एक ठेंगणं, साधंसुधं. दुसरं तपकिरी दगडाचं, मधोमध उंच निमुळता मनोरा असलेलं, एखाद्या इंग्रजी खेड्यातून उचलून आणल्यासारखं. अनोळखी माणसाला वाटतं, दगडी मनोऱ्याचं चर्च जुनं असणार. वस्तुस्थिती उलटी आहे. साधं चर्च १७०३ चं आहे आणि मध्ययुगीन दिसणारं १८५४ चं. म्हणजे जे नंतर बांधलं, तेच जास्त जुनं दिसतं. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. परदेशात येऊन वसलेल्या आणि आता ‘आपली वास्तू’ असावी की नसावी यावर दर वार्षिक सभेत चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर नक्कीच.

पत्र लंडनला, उत्तर पुढच्या वर्षी

बर्लिंग्टन १६७७ मध्ये वसलं. ही भूमी मूळची लेनापी लोकांची. तिथे आलेले पहिले इंग्रज क्वेकर पंथाचे होते. क्वेकरांना ना धर्मगुरू लागत, ना मनोरे, ना घंटा. ते साध्या सभागृहात शांत बसून प्रार्थना करत. इंग्लंडच्या राजाच्या अधिकृत चर्चला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडला, या गावात पाव शतक जागाच नव्हती.

१७०१ मध्ये लंडनमध्ये राजाच्या सनदेने एक संस्था स्थापन झाली. परदेशात, म्हणजे मुख्यतः वसाहतींमध्ये, चर्च ऑफ इंग्लंडचा प्रसार करणं हा तिचा हेतू. एस.पी.जी. ही तिची आद्याक्षरं. पुढे १८७० च्या दशकात याच संस्थेचे लोक अहमदनगर जिल्ह्यात काम करू लागले, म्हणून नगरकडच्या वाचकांना ती ऐकून माहीत असेल. गंमत अशी की, त्याआधी चाळीस वर्षं बोस्टनहून पाठवलेले अमेरिकन मिशनरी नगरला येऊन बसले होते. जी संस्था एके काळी अमेरिकेत धर्मप्रसारक पाठवत होती, तिला नगरमध्ये अमेरिकनच शेजारी म्हणून भेटले.

या संस्थेने अमेरिकेत पाठवलेला पहिला माणूस जॉर्ज कीथ. ते स्वतः पूर्वी क्वेकर होते आणि आता क्वेकरांशीच वाद घालत फिरत होते. १७०२ मध्ये ते ज्या जहाजाने आले, त्या जहाजावरचे धर्मगुरू जॉन टॅलबट त्यांना येऊन मिळाले. कीथ दोन वर्षांनी परतले, टॅलबट बर्लिंग्टनमध्ये राहिले. २५ मार्च १७०३ ला त्यांनी चर्चची पायाभरणी केली. त्या दिवशी मेरीला येशूच्या जन्माची वार्ता मिळाल्याचा सण असतो, म्हणून नाव सेंट मेरीज.

ही इमारत म्हणजे त्या पिढीला जे जमलं ते. चार भिंती, छप्पर, बाक. इंग्लंडमधलं गावचं चर्च कसं असतं, हे या लोकांना पाठ होतं, त्यांचं बालपणच तिथे गेलं होतं. तरीही त्यांनी त्याची नक्कल करायचा खटाटोप केला नाही. पैसा नव्हता, गवंडी नव्हते, आणि मुख्य म्हणजे गरज नव्हती. इंग्लंड त्यांच्या डोक्यात होतं, ते दगडात उतरवायची निकड त्यांना भासली नाही.

त्यांना निकड होती ती बिशपची. एपिस्कोपल या शब्दाचा अर्थच बिशपच्या अधिकाराखाली चालणारं चर्च. धर्मगुरूला दीक्षा फक्त बिशपच देऊ शकतो. आणि अमेरिकेत एकही बिशप नव्हता. ज्या तरुणाला धर्मगुरू व्हायचं असेल त्याने अटलांटिक ओलांडून लंडनला जायचं, दीक्षा घ्यायची आणि वादळं, देवीची साथ यांतून वाचलाच तर परत यायचं. टॅलबट लंडनला पत्रामागून पत्रं लिहीत होते की आम्हाला बिशप द्या. संस्थेने बर्लिंग्टनमध्ये भावी बिशपसाठी घरही विकत घेतलं. घर राहिलं, बिशप आला नाही. टॅलबट १७२७ मध्ये वारले, तेव्हा ते घर विकत घेऊन पंधरा वर्षांच्या आसपास झाली होती.

या संस्थेच्या पैशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बार्बाडोस बेटावर वारसाने मिळालेले उसाचे मळे तिच्या मालकीचे होते आणि तिथे गुलाम राबत होते. धर्मप्रसाराच्या कामाला त्या मळ्यांचा आधार होता. जुन्या वास्तूंचे हिशेब तपासताना अशा नोंदी वगळून चालत नाही.

राजासाठी प्रार्थना

१७६७ मध्ये जोनाथन ओडेल इथे धर्मगुरू म्हणून आले. ते डॉक्टरही होते आणि कवीही. न्यू जर्सीचे गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांचे चिरंजीव, तेव्हा बर्लिंग्टनमध्येच राहत. बाप स्वातंत्र्याच्या बाजूचा आणि मुलगा राजाच्या, ही फाटाफूट सर्वांना माहीत आहे. ओडेलही राजाच्या बाजूचे होते. धर्मगुरूला ते ओघानेच आलं, कारण दीक्षा घेताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि दर रविवारच्या प्रार्थनेत राजासाठी प्रार्थना असे. ४ जुलै १७७६ नंतर तीच प्रार्थना देशद्रोह ठरली.

त्या डिसेंबरमध्ये ओडेल यांना पकडायला लोक आले. त्यांना लपवलं मार्गारेट मॉरिस या विधवा बाईने. तिच्या घरात कपड्यांच्या कपाटामागे एक चोरखोली होती, तिथे. तिने आपल्या रोजनिशीत हे सगळं लिहून ठेवलं आहे. ही बाई क्वेकर होती. म्हणजे ज्या क्वेकरांचं खंडन करायला कीथ आणि टॅलबट या गावात आले होते, त्याच पंथाच्या बाईने पाऊणशे वर्षांनी त्यांच्या चर्चचा धर्मगुरू वाचवला. काही दिवसांनी ओडेल ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यू यॉर्कला निसटले. बायको आणि मुलं मागे राहिली. युद्धानंतर त्यांचं आयुष्य कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये गेलं. बर्लिंग्टनच्या वेदीपुढे ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

या वेळी चर्च संपायला हवं होतं. राजा गेला, लंडनचा पैसा गेला, धर्मगुरू पळाला, आणि ‘इंग्लंडचं चर्च’ हे नावच शिवी झालं. तरी ते टिकलं, याचं मोठं श्रेय व्हेस्ट्रीला द्यावं लागतं. व्हेस्ट्री म्हणजे आपल्या भाषेत कार्यकारिणी. गावातलेच चार व्यापारी, वकील, शेतकरी निवडून यायचे, छपराची दुरुस्ती आणि वर्गणीची वसुली बघायचे. ज्या चर्चमध्ये सगळा अधिकार वरून यायचा, ते चर्च अशा वेळी खालून सावरलं गेलं.

देशभर हेच चित्र होतं. १७८४ मध्ये सॅम्युएल सीबरी यांना स्कॉटलंडमध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली, कारण राजनिष्ठेच्या शपथेशिवाय इंग्लंडमध्ये ती मिळेना. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने स्वतःची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक मंजूर केलं. पुस्तक बरंचसं जुनंच होतं, राजाची जागा मात्र राष्ट्राध्यक्षांनी घेतली. कारभारात सामान्य सभासदांना धर्मगुरूंच्या बरोबरीने मत मिळालं. सेंट मेरीजच्या दफनभूमीत या नव्या देशाची माणसं विसावली आहेत. काँटिनेंटल काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले एलायस बूडिनो आणि देशाचे दुसरे ॲटर्नी जनरल विल्यम ब्रॅडफर्ड हे त्यांतले दोन.

नातवंडांना हवं होतं इंग्लंड

आता आपण त्या मोठ्या दगडी चर्चकडे येऊ. जॉर्ज वॉशिंग्टन डोन १८३२ मध्ये न्यू जर्सीचे बिशप झाले आणि लवकरच सेंट मेरीजचे धर्मगुरूही. टॅलबट ज्याची वाट पाहत वारले, तो बिशप शंभर वर्षांनी बर्लिंग्टनला राहायला आला. डोन उत्साही गृहस्थ. त्यांनी १८३७ मध्ये मुलींची शाळा काढली, ती आज डोन अकॅडमी या नावाने चालू आहे. १८४१ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले.

इंग्लंडमध्ये तेव्हा एक लाट आली होती. केंब्रिजच्या काही तरुणांनी १८३९ मध्ये एक मंडळ काढलं होतं. खरं चर्च कसं बांधायचं याचे नियमच त्यांनी घालून दिले: चौदाव्या शतकातली इंग्रजी गॉथिक शैली हा आदर्श, उतरतं छप्पर, बसायच्या जागेपासून वेगळा आणि खोल गाभारा, टोकदार कमानी, आणि बांधकाम अस्सल दगडालाकडाचं, वरून गिलावा देऊन दगडाचा भास करायचा नाही. डोन या मंडळाशी जोडले गेले. बर्लिंग्टनमध्ये असं चर्च हवं, हे त्यांनी पक्कं केलं.

वास्तुशिल्पी निवडले रिचर्ड अपजॉन. इंग्लंडमध्ये सुतारकाम शिकलेला हा माणूस १८२९ मध्ये बायकोमुलासह अमेरिकेत आला होता. न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी असलेलं ट्रिनिटी चर्च त्यांचंच. पुढे अमेरिकेतल्या वास्तुशिल्पींच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. बर्लिंग्टनसाठी त्यांच्यापुढे नमुना होता इंग्लंडमधल्या शॉट्सब्रुक या खेड्यातल्या चौदाव्या शतकातल्या चर्चचा. त्या चर्चची मोजमापं घेऊन काढलेले आराखडे विल्यम बटरफील्ड यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केले होते. मोजमापाचे आराखडे हाताशी असलेलं एक ठरावीक मध्ययुगीन चर्च नमुना धरून अमेरिकेत बांधलेल्या पहिल्या काही चर्चपैकी हे एक. काम १८४६ मध्ये सुरू झालं आणि १८५४ मध्ये पुरं झालं. १९८६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः याच कारणासाठी.

अगदी याच वर्षांत, याच नियमांनुसार, आपल्या मुंबईतही एक चर्च उभं राहत होतं. कुलाब्याचं अफगाण चर्च. पायाभरणी १८४७, उद्घाटन १८५८. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, ज्यांनी मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजना आखली तेच हे. आतल्या सजावटीत आणि फरशीत हात होता त्याच बटरफील्ड यांचा, ज्यांच्या आराखड्यांवरून बर्लिंग्टनचं चर्च घडलं. जवळपास दोनशे फूट उंचीचा मनोरा पूर्ण व्हायला १८६५ उजाडलं, आणि त्याला शेवटचा हातभार लागला तो कावसजी जहांगीर या पारशी दानशूराचा. दोन्ही चर्चचा आत्मा मात्र वेगळा. कुलाब्याचं चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक आहे. साम्राज्याने आपल्या मृतांसाठी ते बांधलं. बर्लिंग्टनच्या लोकांनी साम्राज्य झुगारून सत्तर वर्षं झाली होती. तरी त्यांना तेच इंग्लंड हवं होतं.

हीच या इतिहासातली विचार करायला लावणारी गोष्ट आहे. १७०३ ची पिढी इंग्लंडहून आली होती, तिने साधं चर्च बांधलं. १८४६ च्या पिढीतल्या बहुतेकांनी इंग्लंड डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तिला चौदाव्या शतकातलं अस्सल इंग्रजी चर्च हवं झालं, आणि तेही पुस्तकातल्या मोजमापांवरून. मुळाची ओढ पहिल्या पिढीत जास्त आणि पुढे कमी कमी होत जाते, असं आपण गृहीत धरतो. बर्लिंग्टनचा हिशेब तसा सरळ नाही.

कर्ज, आग आणि दुसरं आयुष्य

हे सगळं फुकट झालं नाही. डोन यांनी शाळा आणि कॉलेज उभारताना इतकं कर्ज केलं की १८४९ मध्ये त्यांना आपली मालमत्ता धनकोंच्या हवाली करावी लागली. चर्चचं बांधकाम तेव्हा अर्ध्यावर होतं. पैशाच्या व्यवहारांवरून त्यांच्यावर आरोप झाले, प्रकरण बिशपांच्या न्यायसभेपुढे गेलं आणि अखेर १८५३ मध्ये सोडून दिलं गेलं. डोन १८५९ मध्ये वारले. त्यांचे चाहते त्यांना द्रष्टे म्हणत, टीकाकार उधळे. दोघांनाही पुरावे सापडतात. कुठल्याही संस्थेची इमारत उभी करणाऱ्या उत्साही अध्यक्षाबद्दल पुढच्या समितीत असंच बोललं जातं.

नवं चर्च झाल्यावर जुनं पाडलं नाही, हा या मंडळींचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. जुन्या इमारतीला सभा, वर्ग, छोटेखानी प्रार्थना असं दुसरं आयुष्य मिळालं. १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, मोठ्या चर्चला आग लागली आणि आतून ते फार जळालं. दगडी भिंती उभ्या राहिल्या, बाकीचं पुन्हा उभारण्यात आलं.

आगीच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७६ मध्ये, तिथले धर्मगुरू जॉर्ज मॉर्गन हिल्स यांनी या चर्चचा जाडजूड इतिहास प्रसिद्ध केला होता. टॅलबट यांची लंडनला पाठवलेली पत्रं, व्हेस्ट्रीची इतिवृत्तं, वर्गण्यांच्या नोंदी अशा कागदांवर तो उभा आहे. कोणाला तरी ही इतिवृत्तं नीट लिहावीशी वाटली, कोणाला तरी ती जपावीशी वाटली, म्हणून टॅलबट यांची चिकाटी आज आपल्याला कळते.

मंडळ आणि मंडळी

मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात. इमारत वेगळी, मंडळी वेगळी. आपण जिला महाराष्ट्र मंडळ म्हणतो तीही त्याच शब्दाची सख्खी बहीण. गावोगावच्या आपल्या मंडळांचे गणपती, कोजागिरी, रविवारची मराठी शाळा, यांतलं कितीतरी चर्चच्या तळघरांत आणि सभागृहांत सुरू झालं. आज एपिस्कोपल चर्चची सभासदसंख्या घटते आहे. १९६० च्या दशकात ती पस्तीस लाखांच्या घरात होती, आता पंधरा-सोळा लाखांवर आली आहे. छोट्या गावांतली मोठी चर्च चालवणं कठीण होत चाललं आहे आणि जुन्या वास्तू नव्या लोकांकडे जात आहेत. न्यू यॉर्कमधल्या फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ जिथे आहे तिथे आधी रशियन ऑर्थोडॉक्स चर्च होतं. १९७७ च्या ४ जुलैला तिथे प्रतिष्ठापना झाली. त्याच सुमारास पिट्सबर्गजवळ तिरुपतीच्या धर्तीवर व्यंकटेश्वराचं देऊळ उभं राहिलं. शॉट्सब्रुकची नक्कल बर्लिंग्टनमध्ये आणि तिरुपतीची पेन्सिल्व्हेनियात, यांमागची ओढ एकच.

आपल्या वार्षिक सभांत दोन भीती नेहमी व्यक्त होतात. वास्तू घेतली तर पुढे ती सांभाळणार कोण, आणि मुलं आपलं सगळं विसरली तर. पहिल्या भीतीचं उत्तर डोन यांच्या कर्जखात्यात आहे: इमारत उभी करणाऱ्या उत्साहाबरोबर ती चालवणारी कार्यकारिणी आधी हवी. ती असली तर राजा गेला, पैसा आटला, छप्पर जळालं तरी वास्तू तग धरते. दुसऱ्या भीतीबद्दल बर्लिंग्टनचा अनुभव धीर देणारा आहे. आपली नातवंडं कदाचित आपल्यापेक्षा जास्त हट्टाने मूळ शोधायला निघतील. ती आपल्या आठवणींवर विसंबणार नाहीत, कारण तोवर आपण नसू. त्यांना लागतील ते आराखडे: मंडळाची इतिवृत्तं, पहिल्या गणपतीचे फोटो आणि फोटोंमागे लिहिलेली नावं, नाटकांच्या संहिता, आजीच्या आवाजातली आरती, जुने दिवाळी अंक.

यंदा फराळानंतर गॅरेजमधली मंडळाची खोकी उघडायला हरकत नाही. आणि त्यातली कागदपत्रं लावताना दुसऱ्या पिढीतल्या कोणालातरी शेजारी बसवावं. काय ठेवायचं हे त्यांनाही ठरवू द्यावं, कारण उद्याचं बांधकाम त्यांना करायचं आहे.